बीजिंगचं बारा प्राण्यांचं कारंजं: आधी अवशेष, मग मस्तकं

युआनमिंगयुआन म्हणजे बीजिंगचा जुना उन्हाळी राजवाडा. तिथलं बारा प्राण्यांचं कारंजं आज एका जागी बघता येत नाही. त्याचं दगडी बूड शहराच्या वायव्येला आहे, परत आलेली सात ब्राँझची मस्तकं तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि उरलेल्या पाचांचा ठावठिकाणा लागलेला नाही. बरेच जण संग्रहालयात मस्तकं बघतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी अवशेषांकडे जा. हे कारंजं म्हणजे एक घड्याळ होतं आणि ते तिथे उभं राहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

जायला सोपं आहे. मेट्रोच्या 4 नंबरच्या लाइनवर युआनमिंगयुआन पार्क नावाचंच स्टेशन आहे, बाहेर पडलं की दक्षिण दरवाजा जवळच. आम्ही गेलो तेव्हा बागेचं तिकीट 10 युआन आणि युरोपीय धाटणीच्या महालांच्या भागाचं वेगळं 15 युआन होतं. दोन्ही एकदमच घ्या, कारण कारंजं त्या दुसऱ्या भागात, ईशान्य कोपऱ्यात आहे. तळ्यांच्या काठाने तिथवर चालायला अर्धा तास सहज लागतो. सोबत आईबाबा असतील तर आत विजेच्या गाड्या मिळतात. पासपोर्ट जवळ हवाच. गुगल मॅप्सवर विसंबू नका. अलीपे हे मोबाइलवरून पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप भारतातूनच सुरू करून न्या, नाहीतर पाण्याची बाटली घेतानाही अडाल.

हाययानतांग या महालासमोर आज मोडके खांब, उंच चौथरा आणि शिंपल्याच्या आकाराचा एक भला मोठा कोरीव दगड दिसतो. त्या शिंपल्याकडे पाठ करा आणि समोर मोकळी जागा बघा. तिथे हौद होता. हौदाच्या दोन्ही काठांवर सहा-सहा प्राणी बसलेले, अंगं दगडाची, अंगावर झगे आणि मस्तकं ब्राँझची. चिनी दिवसाचे बारा भाग, प्रत्येक दोन तासांचा, आणि प्रत्येकाला एकेक प्राणी. रात्री 11 ते 1 उंदीर, 1 ते 3 बैल, 3 ते 5 वाघ, असं करत डुकरापर्यंत. ज्याची वेळ त्याच्या तोंडातून धार. आपल्या पत्रिकेतल्या राशींशी याचा संबंध लावू नका. हेच बारा प्राणी तिथे वर्षांनाही नावं देतात आणि वेळेलाही.

मला सगळ्यात आवडली ती मांडणी. उंदीर, वाघ, ड्रॅगन, घोडा, माकड आणि कुत्रा दक्षिणेला. बैल, ससा, साप, मेंढी, कोंबडा आणि डुक्कर उत्तरेला. म्हणजे क्रमाने एक इकडे, एक तिकडे. दर दोन तासांनी धार काठ बदलायची! आणि भर दुपारी, घोड्याच्या वेळी, बाराही तोंडांतून एकदम पाणी. शक्य असेल तर बाराच्या सुमाराला तिथे असा. ऊन लागेल, पण त्या कोरड्या जागेवर बारा धारा मनात आणायला दुसरी वेळ नाही.

हे करवून घेतलं छिएनलोंग सम्राटाने, अठराव्या शतकाच्या मध्याला. आराखडे जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघाचा) चित्रकार कास्तिग्लिओने याचे आणि पाण्याची यंत्रणा मिशेल बेनुआ या फ्रेंच जेझुइटाची. मागच्या उंच चौथऱ्यावर पाण्याचा साठा असायचा, तिथून नळांनी पाणी खाली उतरायचं. 1774 मध्ये बेनुआ वारला आणि पुढे यंत्रं बंद पडत गेली. मग सम्राट येणार असला की माणसं पाणी वाहून टाकी भरायची. त्या चौथऱ्याकडे बघताना मला सम्राटापेक्षा हे पाणी वाहणारेच आठवत राहिले.

ऑक्टोबर 1860 मध्ये, दुसऱ्या अफू युद्धाच्या अखेरीस, फ्रेंच आणि ब्रिटिश फौजांनी राजवाडा लुटला आणि मग ब्रिटिश दूत लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने ब्रिटिशांनी तो जाळला. आपण हे परक्याचं दुःख म्हणून बघून पुढे जाऊ नये. ब्रिटिश फौजेत पंजाबी पलटणी होत्या, आणि चिन्यांच्या कैदेत हाल होऊन जे मेले त्यांतही हिंदी स्वार होते. हाच एल्गिन पुढे भारताचा व्हाइसरॉय झाला आणि 1863 मध्ये धरमशालेला वारला. ज्या अफूवरून हे सगळं पेटलं त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. आपल्या शहराच्या श्रीमंतीतला एक वाटा तिथून आलाय. मुंबईकराने हे माहीत असूनच त्या दगडांसमोर उभं राहावं.

आता मस्तकं. घोडा याच परिसरात, झेंगजुए मंदिरात आहे. मकावचे उद्योगपती स्टॅनली हो यांनी तो 2007 मध्ये विकत घेतला आणि 2019 मध्ये चीनला दिला. बैल, वाघ, माकड आणि डुक्कर पॉली कला संग्रहालयात आहेत. 2 नंबरच्या मेट्रोने दोंगसी शितियाओला उतरा. रविवारी ते बंद असतं. तिथे घाई करू नका. जवळून बघितलं की केसाची बट न् बट, कातडीच्या घड्या वेगवेगळ्या कोरलेल्या दिसतात. मग नजर तोंडाकडे जाते. ते उघडं आहे, कारण तिथून पाणी यायचं.

उंदीर आणि ससा राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. 2009 मध्ये पॅरिसच्या लिलावात या दोन्हींवर एका चिनी संग्राहकाने सर्वात मोठी बोली लावली आणि लुटीच्या मालाला पैसे देणार नाही म्हणून नकार दिला. 2013 मध्ये फ्रेंच उद्योगपती पिनो यांच्या कुटुंबाने ही दोन्ही चीनला दिली. हे संग्रहालय फुकट आहे, सोमवारी बंद. पण पासपोर्टवर आगाऊ नोंदणी लागते आणि थ्येनआनमेन परिसरातल्या तपासणीला बराच वेळ जातो. जाण्याआधी ही दोन मस्तकं सध्या मांडलेली आहेत का, ते हॉटेलवाल्यांकडून फोन करून विचारून घ्या.

युआनमिंगयुआनला सकाळी लवकर निघा, पूर्ण दिवस ठेवा आणि घोडा त्याच दिवशी बघा. पॉली आणि राष्ट्रीय संग्रहालय दुसऱ्या दिवशी जमतात. तो दिवस रविवार किंवा सोमवार नको. शाकाहारी असाल तर डबा किंवा ठेपले बरोबर ठेवा, बागेच्या त्या कोपऱ्यात खायची फारशी सोय नाही.