कोको बटरचे स्फटिक मायक्रोस्कोपखाली बघताना: माझा अनुभव

स्फटिक बघायला महागडं काही लागत नाही. साध्या मायक्रोस्कोपला दोन पोलराइझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्या) एकमेकांशी काटकोनात बसवले की द्रव तेल काळं दिसतं आणि स्फटिक तेवढे चमकतात. सगळी कसोटी तापमान सांभाळण्यात आहे.

मी कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, ८० अंश सेल्सिअसला १० मिनिटं वितळलेलं ठेवतो. चाळिशीतच ते काचेसारखं स्वच्छ होतं, म्हणून तिथेच थांबावंसं वाटतं. पण न दिसणारे जुने अवशेष शिल्लक राहिले, तर थंड होताना तेच बीज होतात, म्हणजे त्यांच्यावरच नवे स्फटिक वाढू लागतात, आणि एकाच डब्यातल्या दोन नमुन्यांची चित्रं जुळत नाहीत. स्लाइड आणि कव्हरस्लिपही तितक्याच गरम हव्यात. गार काचेवर थेंब कडेपासून आधीच गोठू लागतो. थेंब १० मायक्रोलिटरचा. २२ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली तो नीट पसरला, तर थर साधारण २० मायक्रॉनचा होतो. त्याहून जाड थरात स्फटिक एकमेकांवर चढतात आणि नुसता पांढरा गोंधळ दिसतो.

मग थंड करणं. मिनिटाला १० अंशांनी तापमान उतरवलं तर एकदम असंख्य बीजं पडतात आणि बारीक, दाणेदार चित्र मिळतं. मिनिटाला १ अंशाने उतरवलं तर बीजं कमी, पण केंद्रापासून चहूकडे सुया फुटलेले मोठे गोल वाढतात. त्या गोलांवर काळी फुली दिसली तर सुया त्रिज्येच्या दिशेने लागल्या आहेत असं समजावं.

आकारावरून प्रकार मात्र ओळखू नये. कोको बटरचे सहा स्फटिकप्रकार, म्हणजे तेच रेणू रचले जाण्याच्या सहा तऱ्हा, मानतात. चौथा २७ अंशांच्या आसपास वितळतो. चॉकलेटला हवा असलेला पाचवा ३४च्या जवळ. स्लाइड हळूहळू तापवून चमक कधी जाते ते मी टिपतो, पण तापवता तापवताच एक प्रकार दुसऱ्यात बदलू शकतो. खात्री फक्त क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे क्ष-किरण कसे विखुरतात त्यावरून रेणूंमधली अंतरं मोजून, होते: बीटाची (पाचवा प्रकार या गटातला) ठळक रेषा ०.४६ नॅनोमीटरला, बीटा-प्राइमच्या (चौथा या गटातला) ०.४२ आणि ०.३८ला, सर्वांत सैल रचनेच्या अल्फाची एकच, ०.४१५ला.

दिसणारे हे गोलही मूळ एकक नव्हेत. ते काही डझन नॅनोमीटर जाडीच्या चपट्या पत्र्यांचे थर रचून बनतात, आणि त्या जाळीच्या फटींत द्रव तेल अडकून राहतं. पत्रे प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला दिसणं शक्यच नाही. त्यासाठी थंड आयसोब्युटॅनॉलने तेल धुऊन काढावं लागतं आणि नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली न्यावा लागतो. द्रावक कोमट झालं तर तेलाबरोबर स्फटिकही विरघळतात.

शिवाय स्लाइडवर ढवळणं नसतं. टेम्परिंगमध्ये, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून ढवळत नेताना, घुसळण्यामुळे पाचवा प्रकार लवकर येतो, म्हणून स्थिर थेंबावरून टेम्परिंग यंत्रातल्या वेळेचा हिशेब मी मांडत नाही.