एका डीकोडरचा धूर

मॉडेल रेल्वेत एन स्केल म्हणजे १:१६०, खऱ्या गाडीच्या एकशेसाठाव्या भागाएवढी. दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर, आणि अख्खं इंजिन तळहातावर मावतं. माझं हे अमेरिकन डिझेल सेकंडहँड घेतलेलं, साध्या डीसीच्या जमान्यातलं. डीसीत रुळांतला व्होल्टेज वाढवला की त्या रुळांवरची सगळी इंजिनं एकदमच सुटतात. डीसीसीत, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांत कायम पूर्ण वीज असते, तिच्यातूनच संदेश जातात आणि इंजिनातला डीकोडर, म्हणजे एक छोटं सर्किट, फक्त आपल्या नंबरची हाक ऐकतो. मला दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची होती, म्हणून जुन्या इंजिनात डीकोडर बसवायचा हा खटाटोप.

वायरी जोडणं सोपं, कारण रंग ठरलेले आहेत: लाल-काळी रुळांकडून, नारिंगी-राखाडी मोटरला, पांढरी-पिवळी पुढच्या-मागच्या दिव्याला आणि निळी दिव्यांची सामायिक. खरी मेख सांगाड्यात. जुन्या एन इंजिनाचा सांगाडा धातूच्या दोन फाकांचा असतो. एक फाक डाव्या रुळाला, दुसरी उजव्या. मधे मोटर, आणि तिला वीज पोचवणाऱ्या ब्रशच्या पितळी पट्ट्या थेट या फाकांना टेकलेल्या. डीकोडर बसवताना मोटरचा या दोन्हींशी संबंध पूर्ण तोडायचा. मग रुळांची वीज आधी डीकोडरमध्ये आणि तिथून मोटरला.

पट्ट्या वाकवल्या, खाली टेप लावली. ही वीज न जाऊ देणारी पिवळी कॅप्टॉन टेप मागायला पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो, तर दुकानदार म्हणाला, "मोबाइल रिपेरवाले वापरतात ती ना? मग तसं सांगा की." डीकोडरला जागा व्हावी म्हणून सांगाडा वरून कानशीने घासला. तो जस्ताच्या मिश्रधातूचा, त्यामुळे कीस लोहचुंबकाला चिकटत नाही. ब्रश आणि फुंकर मारून काढला तेवढाच.

इंजिन पुन्हा जोडून प्रोग्रॅमिंगच्या रुळावर, म्हणजे डीकोडरच्या सेटिंग वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या तुकड्यावर, ठेवलं. तिथे करंट मर्यादित असतो, चूक असली तरी सहसा काही जळत नाही. कंट्रोलर म्हणाला, उत्तर नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. आता कुणीही शहाणा माणूस इंजिन उघडेल. मी म्हटलं चाकं मळलेली असतील, आणि सरळ मुख्य रुळावर ठेवलं. एक बारीकसा "टक्", मग प्लास्टिक जळल्याचा वास. आतून बायको ओरडली, "अहो, गॅसवर काही ठेवलंय का?"

उघडून पाहिलं तर खालच्या पट्टीचं टोक टेपमधून आरपार गेलं होतं. रुळांचा व्होल्टेज उलट्या बाजूने थेट डीकोडरच्या मोटर आउटपुटमध्ये शिरला होता. मल्टिमीटर शेजारीच पडला होता. तो बीपवर लावून एक टोक पट्टीला, दुसरं फाकेला, एवढंच करायचं होतं; वाजला तर दोन्ही टेकलेत. दहा सेकंदांचं काम.

दुसरा डीकोडर यायला तीन आठवडे गेले. या वेळी पट्टीचं टोक कापलं, टेप दुहेरी लावली, आणि प्रत्येक स्क्रू आवळला की पुन्हा मल्टिमीटर. वाजतो का? नाही, नाही, नाही. मग प्रोग्रॅमिंगच्या रुळावर नंबर विचारला. उत्तर आलं: ३. कोऱ्या डीकोडरचा नंबर ३ असतोच, पण तो आकडा पाहून मला दहावीच्या निकालाइतका आनंद झाला. डीकोडरच्या सेटिंगच्या कप्प्यांना सीव्ही म्हणतात; त्यातल्या सीव्ही १ मध्ये नवा नंबर टाकला.

पुढे दाबलं तर इंजिन मागे. दिवा मात्र पुढचाच. म्हणजे नारिंगी आणि राखाडीची अदलाबदल झाली होती. पुन्हा उघडायची हिंमत नव्हती. दिशा उलटवता येते त्या सीव्ही २९ मध्ये ६ होते, ते ७ केले. दिशा सुधारली, पण आता दिवा मागचा लागायला लागला. मग कोणता दिवा कधी लागायचा ते ठरवणाऱ्या सीव्ही ३३ मधला १ आणि ३४ मधला २ आपसांत बदलले.

आता पुढे म्हटलं की पुढे जातं, दिवाही पुढचाच लागतो. आत नारिंगी-राखाडी अजून उलटीच आहेत.