तुम्ही विचारलंत म्हणून: गणिताच्या तासाला लिहायचं कशाला?

"गणिताच्या तासाला लिखाण कशाला? तेवढ्या वेळात चार उदाहरणं जास्त होतील." पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत, मुलांना न्यायला आलेल्या आजोबांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच नीट सांगते. दुसरी-तिसरीच्या मुलांना मी आठवड्यातून तीनदा गणिताच्या डायरीत लिहायला देते. एक प्रश्न, दहा मिनिटं. चित्र काढलं तरी चालतं. म्हणजे आता चालतं. आधी चालत नव्हतं, आणि खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

पण आधी तुमच्या चार उदाहरणांबद्दल. त्यांतून मला उत्तर चुकलं एवढंच कळतं. एका मुलीने 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिलं. अशा वह्यांवर मी कित्येक वर्षं 'लक्ष देऊन लिही' असा शेरा मारत आले. डायरीत तिने लिहिलं, "पाच आधी ऐकू आला म्हणून आधी लिहिला." तिचं लक्ष पुरेपूर होतं. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. 'एकोणतीस'ला ३९ लिहिणाऱ्यालाही त्यात स्पष्ट 'तीस' ऐकू येत होतं.

दुसरा प्रश्न असा दिला होता: ४३ वजा १८ करताना एकाला ३५ आले, त्याने काय केलं असेल? निम्म्या वर्गाला त्यात चूकच दिसली नाही. "आठातून तीन गेले, पाच." मोठ्यातून लहान वजा करायचं, हे माझंच वाक्य त्यांनी इमानाने पाळलं होतं. याच समजुतीने ५८ वजा १३ बरोबर येतं. म्हणजे दशक सुटा करावा न लागणारी दहा उदाहरणं जास्त दिली असती, तर दहाही बरोबर आली असती आणि मी दहा खुणा करून निश्चिंत झाले असते.

आणि ८ + ४ = □ + ५. चौकटीत बहुतेकांनी १२ लिहिले. एकीने कारण दिलं, "बरोबरचं चिन्ह आलं की उत्तर लिहायचं." रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये हे चिन्ह छापलं तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याहून अधिक समान काही असूच शकत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या फळ्यावर मात्र तोवर त्या रेघांच्या उजवीकडे कायम एकटं उत्तरच असायचं.

हे सगळं मी पालकसभेत ठासून सांगायचे. पुढचं सांगत नव्हते.

तिसरीत एक मुलगा होता. तोंडी गणितात माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याचं उत्तर यायचं. डायरीत मात्र उत्तर आणि त्याखाली एकच ओळ: 'मला माहित होतं.' मी लाल शाईत विचारायचे, 'कसं?' पुढच्या वेळी पुन्हा तीच ओळ, पुन्हा माझं 'कसं?', वर 'माहीत'ची वेलांटी दुरुस्त केलेली. सवय लागेपर्यंत मागे लागायचं, असं तेव्हा मला मनापासून वाटत होतं.

मग त्याची उत्तरं यायची थांबली. आधी डायरीतली पानं कोरी, मग वर्गपाठाची. वजाबाकीच्या चाचणीत दहापैकी सात जागा रिकाम्या. वजाबाकी कच्ची आहे, घरी सराव घ्या, असं मी त्याच्या आईला कळवलं. आठवडाभराने मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून एक सोपं उदाहरण दिलं. तो पेन्सिल हातात धरून नुसता बसला. "येत नाही का रे?" मी विचारलं.

"येतं. पण बाई, उत्तर लिहिलं की कसं काढलं ते लिहावं लागतं."

तो आठवडाभर घरी रोज संध्याकाळी वजाबाक्या करत होता. जे त्याला सगळ्यात चांगलं येत होतं, तेच माझ्या चिठ्ठीमुळे त्याला शिक्षेसारखं करावं लागलं. त्याच्या आईला मी फोन करून माझी चूक सांगितली. त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

तरीही डायरी बंद केली नाही. केली असती तर ती 'पंचवीस'वाली मुलगी अजून माझा शेरा वाचत बसली असती. पण त्या दहा मिनिटांत मी गणित तपासते की भाषा, हा प्रश्न त्या दिवसापासून सुटलेला नाही. ज्याच्यापाशी शब्द कमी तो गणितात मागे दिसतो, आणि ते मीच घडवून आणते. लिहिल्याने विचार स्पष्ट होतो, असं मी म्हणायचे. त्याचा विचार तर लिहिण्याआधीच स्पष्ट होता. लिहायचं होतं ते मला कळावं म्हणून.

त्यानंतर तो बोलायचा आणि मी लिहायचे. ९८ अधिक ४७. "दोन इकडे दिले. शंभर झाले. तिकडे पंचेचाळीस उरले." मी डायरीत लिहिलं, '४७ मधून २ घेऊन ९८ ला दिले.' त्याने वाचलं आणि मान हलवली. "मी घेतले नाहीत. अठ्ठ्याण्णवनेच मागितले." मी माझी ओळ खोडून त्याची लिहिली.

तेव्हा वर्ष संपायला सहा आठवडे उरले होते. चौथीत त्याला स्वतःच लिहावं लागणार होतं, आणि ते मी त्याला शिकवलं नव्हतं.