आधी उत्तर, मग वाद
आज थर्मोडायनॅमिक्सच्या (उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राच्या) तासाला सूत्राआधी प्रश्न टाकला: बंद खोलीत चालू फ्रिजचं दार उघडं ठेवलं, तर खोली गार होईल की गरम? आधी एकट्याने उत्तर लिहायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं. बहुतेकांनी 'गार' लिहिलं होतं. मग काय गलका झाला! एरवी गप्प असणारी एक मुलगी शेजारणीला विचारत होती, "अगं, कॉम्प्रेसरला दिलेली वीज जाते कुठे? खोलीतच ना!"

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी 1991 पासून ही पद्धत रुजवली. 2014 साली विज्ञान-गणित शिकवण्याच्या पद्धतींवरची 225 संशोधनं एकत्र तपासली गेली. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 22. अभ्यासक्रम मागे पडण्याची काळजी खरीच आहे, म्हणून सिद्धता आता घरून वाचून यायला सांगते. उद्या एंट्रॉपीवरचा (अव्यवस्थेच्या मापावरचा) प्रश्न देणार आहे.