तिसऱ्या वाफ्यातील गाठी परतल्या

पावसाळी भेंडीचा शेवटचा तोडा झाल्यावर तिसरा वाफा मोकळा करण्यासाठी झाडे मुळांसकट उपटली, आणि जवळजवळ प्रत्येक मुळावर माळेतील मण्यांसारख्या गाठी दिसल्या. भेंडीमध्ये झेंडू लावलेल्या या वाफ्याबद्दल मी मागच्या नोंदीत बरीच आशा व्यक्त केली होती. हंगामाच्या उत्तरार्धात माती ओली असूनही झाडे दुपारी माना टाकत आणि संध्याकाळी सावरत, खालची पाने पिवळी पडत. तरीही पानांवर ना ठिपके होते, ना मावा, ना कोळी. या लक्षणांचा उलगडा मुळे पाहिल्याशिवाय होत नाही. गाठी सूत्रकृमींच्याच, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या मातीतील सूक्ष्म कृमींच्याच आहेत, याविषयी आता शंका उरलेली नाही.

शेजारच्या चवळीची मुळेही लगेच तपासली. तेथे मात्र थोडी सावधगिरी लागते, कारण चवळीवर नत्र स्थिर करणाऱ्या रायझोबियम या उपयुक्त जिवाणूच्या गाठीही असतात. त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, बोटाने चोळल्या की सुटतात आणि कापल्यावर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, त्यामुळे ती वेगळी काढताच येत नाही. चवळी या सूत्रकृमींनाही बळी पडते, म्हणून दोन्ही प्रकारच्या गाठी एकाच झाडावर सापडू शकतात. माझ्याकडील चवळी सुदैवाने गुलाबी गाठींचीच निघाली, आणि तिची मुळे मी समाधानाने वाफ्यातच राहू दिली.

आता झेंडूविषयी. भेंडीच्या दोन ओळींमध्ये झेंडूची एक ओळ हा सल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला आहे, आणि तिसऱ्या वाफ्यात तोच अमलात आणला होता. झेंडूलगतच्या आणि झेंडूपासून दूरच्या भेंडीच्या मुळांमध्ये मला डोळ्यांना जाणवेल असा काहीही फरक दिसला नाही. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य सूत्रकृमींना मारक असल्याचे १९५८ साली दाखवून दिले गेले, आणि त्यात तथ्य आहेच. परंतु त्याचा प्रभाव झेंडूच्या जिवंत मुळांपुरता आणि त्यांच्या अगदी जवळच्या मातीपुरता राहतो. शेजारी भेंडीसारखे आवडते खाद्य उभे असेल, तर सूत्रकृमींना उपासमार मुळीच होत नाही. अळी मुळाच्या टोकाजवळून आत शिरते, मादी तेथेच स्थिरावते आणि चिकट पुंजक्यात काही शे अंडी घालते. मातीचे तापमान २७-२८ अंश सेल्सिअस असेल, तर अंड्यापासून अंड्यापर्यंतचे चक्र सुमारे ४ आठवड्यांत पूर्ण होते. भेंडीच्या एका हंगामात अशा तीन-चार पिढ्या सहज होतात. सुरुवातीचे तोडे उत्तम येतात आणि पीक नंतर एकाएकी खचते, त्याचे कारण हेच. म्हणून माझे मत असे झाले आहे की झेंडू हे सोबतीचे पीक म्हणून नव्हे, तर एकटे आणि दाट लावण्याचे पीक म्हणून उपयोगी आहे: संपूर्ण वाफा, किमान २ महिने, मध्ये तण नाही आणि यजमान पीक, म्हणजे सूत्रकृमी ज्यावर पोसतात असे पीक, नाही.

आनंदाची बातमी पहिल्या वाफ्याची आहे. उन्हाळ्यात त्याला भरपूर पाणी देऊन पारदर्शक प्लास्टिक अंथरले होते आणि कडा मातीने पक्क्या दाबल्या होत्या. ही पद्धत १९७६ साली इस्राएलमध्ये याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. काळे प्लास्टिक उन्हात स्वतः तापते, पारदर्शक प्लास्टिक ऊन आत सोडून माती तापवते. यासाठी पारदर्शकच हवे, आणि कडक उन्हाचे ४ ते ६ आठवडे द्यायला हवेत. परिणाम जोखण्यासाठी प्रत्येक वाफ्यातील माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून काकडी पेरली. काकडी याबाबतीत अत्यंत संवेदनशील असते. या गाठींची पहिली नोंदही १८५५ साली एम. जे. बर्कली यांनी काकडीच्याच मुळांवर केली होती. रोपे महिनाभराची झाल्यावर मुळे धुतली, तेव्हा पहिल्या वाफ्याच्या कुंडीतील मुळे पांढरीशुभ्र आणि तंतुमय होती. ती मुळे मी बराच वेळ पाण्यात धरून पाहत राहिलो. उष्णता खोल थरांत पुरेशी पोहोचत नाही आणि सूत्रकृमी तेथून पुन्हा वर येऊ शकतात, हे ठाऊक आहे. तरीही एवढी स्वच्छ मुळे या बागेत फार दिवसांनी दिसली.

मातीचे तापमान पाहण्यासाठी लांब धातूच्या दांड्याचा साधा तापमानमापक घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ओलावा, सामू (पीएच) आणि प्रकाश एकत्र दाखवणाऱ्या उपकरणावर माझा विश्वास नाही. निंबोळी पेंडीबाबतही विक्रेता पारखून घ्यावा लागतो: मागची खेप जवळजवळ गंधहीन होती, तर आताची वेगळ्या ठिकाणची खेप कडू, उग्र आणि किंचित तेलकट आहे. सूत्रकृमींच्या अंड्यांवर वाढणारी पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी घ्यायची असेल, तर उत्पादनाची तारीख नसलेले पाकीट मुळीच घेऊ नये. ती जिवंत बुरशी आहे, आणि उन्हात ठेवलेल्या पाकिटात तिचे काय होत असेल हे सांगायला नको.

तिसऱ्या वाफ्यात हिवाळ्यात लसूण लावून उन्हाळ्यात प्लास्टिक अंथरायचे, असे ठरवून ही नोंद लिहायला घेतली होती. परंतु तापमानाचे आकडे लिहिताना सूत्रकृमींना प्रतिकारक टोमॅटोचा विचार मनात आला. बियाण्याच्या पाकिटावर एन हे अक्षर असलेल्या वाणांत साधारणपणे हा प्रतिकार देणारे एमआय हे जनुक असते, जे सोलॅनम पेरुव्हिअॅनम या रानटी जातीतून आले आहे. मातीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की ते निष्प्रभ होऊ लागते, म्हणून उन्हाळ्यात त्यावर भिस्त ठेवता येत नाही. हिवाळ्यात मात्र वर वाळक्या पानांचे जाड आच्छादन असेल, तर माती त्या मर्यादेच्या बरीच खाली राहील. तेव्हा लसूण दुसऱ्या वाफ्यात जाईल आणि तिसऱ्या वाफ्याचे दोन भाग होतील: एकात दाट झेंडू, दुसऱ्यात प्रतिकारक टोमॅटो. तेच वाण वर्षानुवर्षे लावले, तर त्याला न जुमानणारे सूत्रकृमी निवडले जातात, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात दोन्ही भागांची अदलाबदल करावी लागेल.

प्लास्टिक अंथरण्याआधी दोन्ही भागांतील मातीवर काकडीची चाचणी घेईन, कारण एकदा वाफा तापवला की झेंडू आणि टोमॅटो यांची तुलना करता येणार नाही. गाठी असलेली भेंडीची मुळे खतखड्ड्यात न टाकता वेगळी काढून उन्हात वाळत घातली आहेत, आणि तिसऱ्या वाफ्यासाठी आता स्वतंत्र खुरपे ठेवले आहे. पॅट्युला जातीच्या, म्हणजे बुटक्या, लहान फुलांच्या झेंडूचे बी ट्रेमध्ये पेरले आहे. ज्यांनी संपूर्ण वाफ्यात दाट झेंडू घेतला आहे, त्यांनी दोन रोपांतील अंतर किती ठेवले होते, हे कळवल्यास लागवडीपूर्वी मला त्याचा उपयोग होईल.