हनोईतली ओली सालपापडी

व्हिएतनाममधल्या हनोईच्या पाच दिवसांच्या मुक्कामातला एक अख्खा दिवस हालाँग बेच्या बोटीत गेला. त्यातली गर्दी तेवढी लक्षात राहिली. पण जुन्या शहरात, हांग बाकजवळच्या गल्लीत सकाळी सातला जे खाल्लं, त्यासाठी मी पुन्हा तिकीट काढीन.

कोपऱ्यावर एक आजीबाई बसल्या होत्या. समोर उकळत्या पाण्याचं पातेलं, त्याच्या तोंडावर ताणून बांधलेलं पांढरं फडकं. पळीभर तांदळाचं पातळ पीठ त्यांनी फडक्यावर ओतलं, पळीच्याच बुडाने गोल पसरलं, झाकण ठेवलं. जरा वेळाने झाकण काढलं, बांबूची चपटी काडी खाली सरकवली आणि आरपार दिसणारा पापुद्रा अलगद उचलला. मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. अरे, ही तर आजीची सालपापडी!

उन्हाळ्यात वाळवणं सुरू झाली की आम्ही नातवंडं सालपापड्या वाफवायच्या स्टँडभोवती घिरट्या घालायचो. ओल्या, गरम पापड्या तेल लावून खायचो. वाळत घालायला निम्म्याच उरायच्या. आजी गेली, स्टँड माळ्यावर गेला, आणि ती चवही गेली असं मी धरून चालले होते.

इथे तिला बान्ह कुऑन म्हणतात. आत डुकराचा खिमा आणि काळी अळंबी भरतात. मी मांस खात नाही, म्हणून खिम्याकडे बोट दाखवून मान हलवली. आजीबाई म्हणाल्या, "चाय?" मला वाटलं चहा विचारतायत. चाय म्हणजे शाकाहारी! चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी बौद्ध घरांत असंच जेवतात. त्यांनी कोरी पापडी गुंडाळून वर तळलेला कांदा पेरला. माशांच्या सॉसची वाटी मी बाजूला सारली, तर लिंबाची फोड पुढे आली. पहिल्या घासाला डोळे भरून आले. 'तिथे आपल्याला काही मिळत नाही' म्हणत बॅगा भरून ठेपले नेणाऱ्यांचा मला तेव्हा मनापासून राग आला.

मग रोज नुसतं चालणं. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक चांदीची गल्ली, हांग मा पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंची. आपल्या पुण्यातल्या तांबट आळी, बुरूड आळीसारखीच नावं. शनिवारी होआन किएम तळ्याभोवती वाहनं बंद असतात, तिथे रात्री दहापर्यंत फिरलो. अंडं मला चालतं, त्यामुळे अंड्याची कॉफीही प्यायले. 1946 साली दुधाची टंचाई होती, तेव्हा न्गुयेन वान जांग यांनी फेटलेलं पिवळं बलक वापरून ती केली. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. दाट, गोड, खाली कडू.

शेवटच्या सकाळी आजीबाईंनी काडी माझ्या हातात दिली. माझा पापुद्रा मधोमध फाटला. त्यांनी तो टाकला नाही. गुंडाळून, कांदा पेरून माझ्याच ताटलीत वाढला.