रिकामं ठेवलं तरी चालतंय

विट्यात स्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. पॅन, पीक विमा, भरतीचे फॉर्म सगळंच करतो, पण गेल्या काही वर्षांत पासपोर्टवाले जरा वाढलेत. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात अख्ख्या देशात पांगलेली, लांब जाणं काय नवीन नाही, तरी पासपोर्ट म्हटलं की अजून माणूस दबकतोच. कागद आणणार ते प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, ती परत दुसऱ्या पिशवीत.

तशीच पिशवी घेऊन एक मावशी आल्या, सोबत कॉलेजातला नातू. वय ६३. लेक दुबईला, पहिलं बाळंतपण. फी १५०० पण साठीच्या पुढं १० टक्के सूट, म्हणजे १३५०, हे सांगितल्यावर नातू म्हणतो, "आज्जे, म्हातारी झाल्याचा फायदा झाला बघ."

आधारवर नुसतं साल होतं, पॅनवर मात्र १ जून. आमच्याकडं निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस १ जूनलाच असतो, गुरुजींची कृपा. पॅन जन्मतारखेला चालतंय म्हणून तो प्रश्न मिटला. आडनावाचा रकाना मी दोनदा बघतो, कारण तो मोकळा राहिला तर पासपोर्टवर एकच नाव येतं आणि दुबईवाले नोव्हेंबर २०२२ पासून व्हिजिट व्हिसावर तसलं चालवून घेत नाहीत. वडलांचं नाव झालं. मग विचारलं, आईचं?

"आई."

"नाव ओ, मावशी."

"आईच म्हनायचो की."

मग जरा थांबून म्हणाल्या, ठावं न्हाई. तीन वर्षांच्या असताना आई गेली. घरात थोरली सून, म्हणून सगळे थोरलीच म्हणायचे, मेल्यावरही थोरलीच. पुढं सावत्र आई आली आणि तो विषयच घरात बंद झाला.

मला त्यात काय विशेष वाटलं नाही, खरं सांगतो. डिसेंबर २०१६ ला नियम बदललाय, आईवडलांपैकी एकाचं नाव दिलं तरी भागतं. मागं भरतीची दोन पोरं ताटकळलेली. म्हटलं मावशी, रिकामं ठेवलं तरी चालतंय, आणि पुढच्या रकान्यात गेलोसुद्धा.

"थांब बाबा. बाचं लिवलंस, आता मालकाचं लिवशील, आन तिचं तेवढं मोकळं?"

नातवानं मावशींच्या भावाला फोन लावला. भाऊ कोइमतूरला, गलाईच्या दुकानात. तो दोनच वर्षांनी मोठा, त्यालाही थोरलीच माहीत. तो म्हणाला आत्याला विचार, आत्या आहे अजून. आत्या नव्वदीच्या, ऐकू येत नाही, त्यांची सून कानाशी तोंड नेऊन ओरडणार आणि इकडं स्पीकरवर आम्ही सगळे गप्प. सून ओरडली, "थोरलीचं नाव काय हुतं वो?" दोनदा. तिसऱ्यांदा आतनं बारीक आवाज आला, पहिल्यांदा नाव आणि त्याच्यामागनं एक शिवी, इतकी वर्षं कुठं झोपला हुता म्हणून.

नाव इथं लिहीत नाही, लोकांचे कागद हातात असतात त्यामुळं ती सवयच आहे. चार अक्षरी, जुन्या वळणाचं. मावशी ते दोन-तीनदा नुसतं ओठात म्हणाल्या. भरतीच्या पोरांपैकी एकजण जो मगापासनं "ओ दादा, सर्व्हर जाईल" करत होता तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

तोवर पोर्टलनं लॉगआउट केलेलं. परत ओटीपी, परत सगळं. नाव टाकलं तर म्हणाल्या दाव कुठं हाय, पण स्क्रीनवर इंग्रजी आणि त्यांची दुसरी झालेली, तीही मराठी शाळेत. शेवटी झेरॉक्सच्या खराब कागदामागं ठळक मराठीत लिहून दिलं. तो कागद त्यांनी पॅनकार्डाच्या पाकिटात घातला.

पुढचं नातवानं सांगितलं. सांगलीला अपॉइंटमेंटच्या दिवशी बोटांचे ठसे घेता घेता तिथला माणूस घामाघूम झाला, जन्मभर खुरपं धरलेली बोटं, मशीनला काय सापडंना. मग पोलीस चौकशीला आले आणि गल्लीत मावशींचं नाव विचारलं तर शेजारीण म्हणाली असलं कोण न्हाई इथं. सगळी गल्ली आक्का म्हणते, नाव कुणाला माहीत असणार!

महिन्याभरानं स्पीड पोस्टानं पासपोर्ट आला तसा घेऊन मावशी दुकानात हजर. फोटोचं पान बघितलंपण नाही, शेवटचं पान उघडून पुढं धरलं. तिचं कुठलं? मी बोट ठेवलं. तर माझ्या टेबलावरचा पेन उचलून म्हणतात, हितं बारीक फुली मार, म्हंजे मला घावंल. मी ओरडलोच, मावशी, पेन लावू नका, नवा काढायला लागंल!

मग त्यांनी बोटानं ओळी मोजल्या. पहिली बाची, दुसरी तिची. "दोन लंबरची," असं नातवाला बजावलं आणि पासपोर्ट पिशवीत, पिशवी पिशवीत, वरनं रबर.